मांडवात पूर्ण झालेली विक्री

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या एका शिलाई मशीन कंपनीने माझ्या थोरल्या भावाची बालाघाट जिल्ह्याची एजन्सी काढून घेतली. रजिस्टर पोस्टाने आलेल्या नोटिशीत कारण एका वाक्यात होते: एजंटाने नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर, दुसऱ्या राज्यात, एक मशीन विकले. ही विक्री त्याच वर्षीच्या वैशाखात झाली होती. मशीन एकच होते.

भावाला आम्ही दादा म्हणत असू. मी त्या वेळी बालाघाटहून नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्याआधी त्याच दैनिकात काही वर्षे संपादनाच्या टेबलावर काम केले होते. पुढे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिले किंवा ऐकले. जे दुसऱ्याने सांगितले, तिथे तसे म्हटले आहे.

आमचे घराणे नोकरीपेशाचे. आजोबा तहसिलीत होते, वडील जंगलखात्याच्या कचेरीत. घरात व्यापार कोणी केला नव्हता. दादांनाही वडिलांनी कचेरीत चिकटवले होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९५१ मध्ये कंपनीच्या नागपूर शाखेकडून एजन्सी घेतली, तेव्हा वडील काही महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. नातेवाईक त्यांना 'सुईदोरेवाले' म्हणत. दादांनी ते मनावर घेतले नाही. एजन्सी हेच त्यांचे घर चालवण्याचे साधन होते आणि आपण नोकरी सोडून चूक केली नाही याचा त्यांच्यापाशी असलेला एकमेव पुरावाही तोच होता.

पहिला करार एका पानाचा होता. क्षेत्र लिहिले होते: बालाघाट जिल्हा आणि कटंगीहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गावे. नागपूर तेव्हा राजधानी होती आणि हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता. शाखेच्या मॅनेजरने नकाशा न बघता हे क्षेत्र ठरवले. त्याने दादांना विचारले, तुमचे गिऱ्हाईक कुठवर आहे? दादांनी सांगितले ते त्याने लिहून घेतले. कटंगीकडच्या शेतकऱ्यांच्या मुली तुमसरकडे दिलेल्या होत्या, तिकडच्या सुना इकडे आलेल्या होत्या. मशीन त्याच वाटेने जात असे.

मशीन मुख्यतः लग्नात खपत असे. मुलीला आंदण म्हणून भांडी, पलंग आणि ज्याची ऐपत असेल त्याच्याकडून पायमशीन. ते रुखवतात मांडून ठेवत. पण बैलगाडीतून आलेल्या मशीनचा पट्टा सैल होई, दोऱ्याचा ताण बिघडे, आणि पहिल्याच दिवशी दोरा तुटला की सासरच्या बायका मशीन अपशकुनी म्हणून कोपऱ्यात ढकलून देत. हे दोनतीनदा झाल्यावर दादांनी एक रीत घालून घेतली. मशीन विकले की ते स्वतः लग्नघरी जात. स्टँड जोडत, पट्टा चढवत, तेल देत आणि बायकांसमोर एखाद्या कापडाची कड शिवून दाखवत. बाजारात ते सगळ्यांना सांगत, "मांडवात शिवून दाखवीन तवाच विकली समजा. तोवर मशीन माहीच." हे वाक्य जिल्ह्यात त्यांच्या नावाला चिकटले होते. एका मांडवातून पुढच्या दोन लग्नांची मागणी घेऊन ते परत येत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा विदर्भाच्या इतर जिल्ह्यांबरोबर मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेले. आमच्या ओळखीतल्या काही मराठी अधिकाऱ्यांनी मुंबई राज्य मागून घेतले आणि बिऱ्हाडे हलवली. बाकीचे राहिले. कटंगी आणि तुमसर यांच्यामधली बस पूर्वीसारखीच चालत होती. मी त्या आठवड्यात पाठवलेल्या बातम्यांत हे वाक्यही होते. ते छापले गेले नाही.

कंपनीने वर्षभर काही केले नाही. १९५८ मध्ये नागपूर शाखेने सगळे जुने करार रद्द करून नवे पाठवले. दादांना आलेला करार इंग्रजीत, कित्येक पानांचा होता. दुकानातल्या बाकावर बसून मी तो त्यांना मराठीत सांगितला. महत्त्वाची कलमे चार होती.

क्षेत्र: मध्य प्रदेश राज्यातला बालाघाट जिल्हा, बाकी काही नाही. तुमसरकडची गावे भंडारा जिल्ह्याच्या नव्या एजंटाला दिली होती. एजंटाने क्षेत्राबाहेर विक्री केली तर कंपनी मुदत न देता करार संपवू शकेल. इतर कारणासाठी संपवायचा तर तीन महिन्यांची नोटीस. आणि करारातून निघणारा कोणताही वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात चालेल.

या चौथ्या कलमावर दादा हसले. "भांडाले मुंबईले कोण जाते? भाड्यातच एजन्सी खपून जाईन."

क्षेत्राच्या कलमावर ते हसले नाहीत. पुन्हा वाच म्हणाले. मी वाचले.

"राज्य कायले पाहिजे कंपनीले? मशीनले काय समजते राज्य?"

मी कराचे सांगितले. मध्य प्रदेशातला माल विक्रीमुळे दुसऱ्या राज्यात गेला तर त्यावर केंद्राचा विक्रीकर लागतो, हिशोब वेगळा, नोंदणी वेगळी. कंपनीला तो गोंधळ नको. आणि एका गावात दोन एजंट विकू लागले तर दोघांचाही खप किती ते कळत नाही.

"म्हणजे त्याईचं बराबर हाय," दादा म्हणाले.

"कागदावर बरोबर आहे."

त्यांनी दोन दिवसांनी सही केली. सही केली नसती तर नवा माल आला नसता. सौदा करण्यासारखे त्यांच्या हातात काही नव्हते. नागपूरच्या मॅनेजरला पत्र लिहून पाहिले, की निदान जुन्या गिऱ्हाइकांच्या नात्यातली गावे राहू द्या. उत्तर आले की नात्यावरून क्षेत्र ठरवता येत नाही.

पुढची तीन वर्षे त्यांनी करार पाळला. तुमसरकडच्या लग्नासाठी कोणी मशीन मागितले तर ते त्याला भंडाऱ्याच्या एजंटाकडे पाठवत. लोकांना हे समजत नसे. काहींना वाटले, दादांना आता लहान गिऱ्हाईक नको झाले.

१९६१ च्या वैशाखाआधी कटंगीच्या बाजारात एक शेतकरी आला. बाजाराच्या दिवशी दादा तिथे एका कापडवाल्याच्या ओसरीवर दोन मशीन घेऊन बसत. मी त्या दिवशी धानाच्या भावाची बातमी घ्यायला गेलो होतो आणि ओसरीवर टेकलो होतो. हा शेतकरी जुना गिऱ्हाईक. आदल्या साली स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने दादांकडूनच पायमशीन घेतले होते आणि दादांनी ते मांडवात बसवून दिले होते. आता त्याच्या भाचीचे लग्न होते. मामाचे आंदण म्हणून त्याला तसेच मशीन द्यायचे होते. बहिणीचे घर सीमेपलीकडे, तुमसरच्या वाटेवरच्या गावात.

दादांनी गाव विचारले आणि म्हणाले, "मंग काकाजी, असं करा. मशीन मी इथंच चालवून दाखवतो. तुमी आपल्या बैलबंडीवर घेऊन जा."

"काहून? बिमार हाव का?"

"बिमार नाही. तिकडची एजन्सी कंपनीनं दुसऱ्याले देल्ली. मले तिकडं इकाची मनाई हाय."

"तिकडं इका म्हणून कोण म्हणते? पैसे तं मी इथं देऊन राह्यलो. तुमी लग्नाले या."

"येतो नं. जेवाले येतो."

"अन् मशीन?"

"मशीन तुमी न्या."

म्हातारा खाली बसला. पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले. "माह्या पोरीच्या लग्नात आलते का नाही?"

"आलतो."

"मशीन सोता बसवली का नाही?"

"बसवली, काकाजी."

"मंग भाचीच्याच वक्ती हद्द आडवी आली? बहीण इचारीन मले. म्हणीन, सोताच्या पोरीची मशीन मांडवात शिवून दाखवली अन् माह्या पोरीची गाड्यावरून उतरवून देल्ली. भाऊ, बहिणीले मी काय सांगू, सरकारनं राज्य बदललं म्हणून?"

ओसरीवर बसलेले दोघेतिघे हसले. कापडवाला म्हणाला, "सांग नं, दिल्लीहून हुकूम आला."

दादा हसले नाहीत. पावतीपुस्तक पुढे ओढून म्हणाले, "पावती इथंच फाडतो. पैसे इथंच घेतो. म्हणजे विक्री कटंगीतच झाली. मी पाहुणा म्हणून येतो."

"हौ. पाहुणाच या. पण खिशात हात घालून बसू नका म्हणजे झालं."

पावतीवर कटंगी लिहिले गेले. दादांनी मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय सांगितले असते ते मला माहीत नाही. विक्री कुठे पूर्ण होते हा प्रश्न मलाही तेव्हा सुचला नव्हता.

लग्नाला मीही गेलो. आम्ही बालाघाटहून कटंगी आणि कटंगीहून तुमसरची बस धरली. मशीन मामाच्या बैलगाडीतून आधीच पोचले होते. दादांनी या वेळी हत्यारांची पिशवी घरी ठेवली होती. मी तशी खात्री करून घेतली नव्हती, पण त्यांच्या हातात फक्त नारळ आणि आहेराचे कापड होते.

मांडवात रुखवत मांडले होते. मशीन मध्यभागी होते. गावातल्या कोणी तरी स्टँड जोडला होता, पण पट्टा चढवला नव्हता, आणि पायडल दाबले की नुसताच खडखडत होता. बायका गोळा झाल्या होत्या. नवरदेवाकडची एक वयस्क बाई म्हणाली, "मशीन मुकी दिसते वं. नवरीसारखीच का?"

नवरीची आई, म्हणजे त्या शेतकऱ्याची बहीण, गर्दीतून दादांकडे आली. "भाऊ, त्या बायकाईपुढं माही लाज जाऊन राह्यली. एक टाका तं मारून द्या."

दादांनी इकडेतिकडे पाहिले. मग नारळ माझ्या हातात दिला. पट्टा पिशवीत बांधून स्टँडलाच लटकवलेला होता. त्यांनी तो चढवला, कोणाकडून तरी दिव्याचे तेल घेतले, दोरा ओवला, आणि नवरीच्या पिवळ्या पातळाच्या तुकड्याची कड शिवली. मशीन नीट चालले. बायकांनी कापड हातोहात फिरवले. नवरीच्या बापाने दादांना टोपी-दुपट्टा दिला. सगळ्याला फार तर दहा मिनिटे लागली असतील.

जेवणाच्या पंगतीत दादांच्या शेजारी जो माणूस येऊन बसला, तो भंडारा जिल्ह्याचा एजंट होता. त्याचे गाव जवळच होते, लग्नघराशी त्याचे घरोब्याचे संबंध होते, म्हणून तोही आमंत्रित होता. दोघांची ओळख नागपूरच्या शाखेत झालेली. वयाने तो दादांपेक्षा बराच लहान.

"काय जी भाऊ, आमच्या राज्यात कसे काय?"

"जेवाले आलो."

"जेवाले आले तं हाताले तेल काहून लागलं?"

पंगतीत हशा पिकला. दादाही हसले आणि हात धोतराला पुसला. म्हणाले, "लग्नघरी तेल लागणारच. वरण वाढू द्या, मंग बोला."

एजंट हसत होता, पण पुढचे वाक्य त्याने हळू म्हटले आणि मी ते ऐकले. "भाऊ, मी कंपनीले वर्षाचा खप लिहून देल्ला हाय. तेवढा नाही झाला तं माही एजन्सी जाते. माह्या हद्दीतली एक मशीन म्हणजे माह्यासाठी एक मशीन हाय."

"ही कटंगीत इकली," दादा म्हणाले.

"मांडवात शिवून दाखवीन तवाच विकली समजा, हे कोणाचं बोलणं हाय? आमच्या गावातही लोक म्हणते."

वाढपी आला.

एजंटाने कंपनीला कळवले. त्यात त्याने काही खोटे लिहिल्याचे मला आढळले नाही.

पावसाळा सरत असताना कंपनीचा इन्स्पेक्टर चौकशीला आला. तो आधी सीमेपलीकडे नवरीच्या बापाकडे गेला. त्या भेटीत काय झाले ते मला नवरीच्या बापाने आणि नंतर मामाने, दोघांनी वेगवेगळे सांगितले, आणि दोघांचे सांगणे जुळले. मुंबईच्या कंपनीचा साहेब घरी आला याचा नवरीच्या बापाला आनंद झाला. त्याने खाट टाकली, चहा केला, पोहे केले. साहेबाने विचारले, मशीन कोणी बसवून दिली?

"सोता आले जी!" नवरीचा बाप म्हणाला. "बालाघाटहून! दोन बसा बदलून! घरचं लग्न असल्यासारखी मांडवात बसवली, सोता शिवून दाखवली. असा दुकानदार तुमच्या मुंबईत तरी हाय का?"

साहेबाने हे लिहून घेतले आणि वाचून दाखवले. खाली सही मागितली. नवरीच्या बापाला वाटले, दुकानदाराच्या कामाची कंपनीत वाहवा होणार. त्याने सही केली, शेजाऱ्यालाही बोलावून सही करायला लावली, आणि साहेब निघताना म्हणाला, "त्याईले काही इनाम देसान जी. लय चांगला माणूस हाय."

इन्स्पेक्टर तिथून बालाघाटला आला. दुकानात मी होतो. त्याने दादांना एकच प्रश्न विचारला, हिंदीत: विक्री पूर्ण केव्हा होते असे तुम्ही समजता? दादांना प्रश्नाचा रोख कळला नाही. तो त्यांच्या कामाबद्दल आहे असे त्यांना वाटले. त्यांनी अभिमानाने सांगितले की मशीन मांडवात चालल्याशिवाय मी विक्री झाली मानत नाही, गेली दहा वर्षे मानली नाही. मी मध्ये बोलायच्या आत त्यांचे वाक्य संपले होते.

नोटीस आल्यावर आम्ही बालाघाटच्या एका मराठी वकिलांकडे गेलो. ते १९५६ पर्यंत नागपूरच्या हायकोर्टात जात असत. नंतर जबलपूरला जाण्याचे त्यांनी टाळले आणि जिल्हा कोर्टापुरते काम ठेवले. त्यांनी करार वाचला, नोटीस वाचली आणि दादांना बाजारापासून मांडवापर्यंतचे सगळे सांगायला लावले.

"पैसे कटंगीत, पावती कटंगीत. इथवर आपली बाजू ठीक आहे," ते म्हणाले. "पण माल ज्या स्थितीत द्यायचं ठरलं त्या स्थितीत आणण्यासाठी विकणाऱ्याला आणखी काही काम करायचं असेल, तर ते काम होईपर्यंत मालकी गिऱ्हाइकाकडे जात नाही. विक्रीचा कायदा असं म्हणतो. आणि तुमचं काम मांडवात व्हायचं होतं. तसं तुम्हीच सगळ्या जिल्ह्याला सांगत आलात."

"मी तं चांगल्यासाठी सांगत होतो."

"चांगल्यासाठीच. पण त्याचा अर्थ असा होतो, की त्या गाडीतून मशीन सीमेपलीकडं गेलं तेव्हा ते तुमचं होतं."

"मंग काकाजीचं कवा झालं?"

"तुम्ही पहिला टाका घातला तेव्हा. दुसऱ्या राज्यात."

दादांनी विचारले, कोर्ट एजन्सी परत देईल का?

वकिलांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवतो. असला करार नोटीस देऊन संपवता येतो, त्यामुळं तो चालूच ठेवा असा हुकूम कोर्ट कंपनीला देणार नाही. आपण पूर्ण जिंकलो तरी काय मिळेल, तर तीन महिन्यांच्या नोटिशीच्या काळातलं कमिशन. एजन्सी नाही मिळणार."

"मले कमिशन नाही पाहिजे."

"मला कळतं. पण कायद्यात तेवढंच आहे."

दावा तरीही दाखल केला. दादांचा आग्रह होता, आणि वकिलांना वाटले की खटला उभा राहिला तर कंपनी कदाचित बोलणी करील. एक बातमीदार म्हणून मला यात बातमी दिसत नव्हती. एका जिल्ह्याच्या एजंटाची एजन्सी गेली, ही बातमी होत नाही.

त्याच महिन्यात मामा बालाघाटला आला. घटना त्याला बहिणीकडून कळली होती. तो दुकानात शिरला, पण बसला नाही.

"भाऊ, माह्यामुळं झालं. मी कोर्टात येतो. सांगतो, मशीन मीच बसवली, तुमी हातही लावला नाही."

"दोनशे लोकाईनं पाहिलं मले, काकाजी."

"मी सांगतो ते सगळे खोटे हायेत."

"त्याईत तुमचा जावई हाय. तुमचा भाऊजी हाय, त्याची सही हाय."

"त्यानं तुमची तारीफ केली. त्याले काय माहीत, तारीफीनं माणूस फासावर जाते म्हणून?"

दादा म्हणाले, "बसा. चहा घ्या." मामाने चहा घेतला नाही. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "तिच्या घरी मशीन झाकून ठेवली हाय. भाची म्हणते, त्या मशीनवर मी शिवत नाही." हे खरे होते की त्याने दादांना सांत्वन म्हणून सांगितले, याची मी खात्री केली नाही.

बालाघाटच्या कोर्टात कंपनीच्या वतीने जबलपूरचे वकील उभे राहिले. त्यांनी विक्री कुठे झाली यावर एक शब्दही काढला नाही. त्यांची हरकत एवढीच होती, की करारात वाद मुंबईच्या न्यायालयात चालेल असे ठरले आहे. आमच्या वकिलांचे म्हणणे होते, की दुकान बालाघाटात, मशीन इथून जात, कराराचे काम इथे चालत होते. तेव्हा या कोर्टाला अधिकार आहे. जुन्या करारात मुंबईचा उल्लेखही नव्हता, हेही त्यांनी दाखवले. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या. निर्णय द्यायला बराच वेळ गेला. १९६३ मध्ये त्यांनी लिहिले, की दोन ठिकाणच्या कोर्टांना अधिकार असेल तेव्हा त्यातले एक आपसात ठरवून घेण्याची पक्षांना मुभा आहे. वादीने समजून सही केली आहे. दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत करण्यात येत आहे. मशीनबद्दल निकालात काही नव्हते. दादा बरोबर की चूक, हे कोणत्याही कोर्टाने कधी तपासले नाही.

निकालानंतर आम्ही कोर्टाच्या आवारातून चालत निघालो. दादांनी विचारले, "म्हणजे हारलो का नाही?"

मी म्हणालो, "खटला सुरूच झाला नाही."

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

या काळात दुकानाचे काय झाले ते थोडक्यात असे. कराराच्या शेवटी एक कलम होते, ज्याकडे आम्ही कोणी लक्ष दिले नव्हते: करार संपल्यावर एजंटाने कंपनीचे नाव, पाटी आणि चिन्ह वापरू नये, आणि सुट्या भागांचा पुरवठा त्याला होणार नाही. पाटी त्यांनी स्वतः उतरवली. जिल्ह्याची एजन्सी स्टेशनजवळच्या एका सायकलवाल्याला मिळाली. तो सज्जन होता, पण मांडवात जात नसे. त्याची गरजही नव्हती, मशीन खोक्यात विकले जात असे. दादांकडे आता फक्त दुरुस्ती आली. त्यांनी विकलेली मशीन घेऊन बायका येत. शटल झिजलेले असे, बॉबिनची पेटी गेलेली असे, आणि तो भाग दादांना सायकलवाल्याकडून गिऱ्हाइकासारखा विकत आणावा लागे. काही वेळा तो नसे. मग ते मशीन तसेच परत देत. घरात वहिनी आजारी पडल्या. दुकानाचे भाडे थकले, तेव्हा मालकाने दोन खणांपैकी एक परत घेतला.

लग्नाची आमंत्रणे येत राहिली. पहिल्या वर्षी दादा दोनतीन लग्नांना गेले. एका लग्नातून परत आल्यावर ते म्हणाले, रुखवतात मशीन होते, नवरीचा भाऊ म्हणाला भाऊ जरा बघता का, आणि आपण 'मले येत नाही' म्हणून सांगितले. त्यानंतर ते लग्नांना गेले नाहीत. विचारले तर सांगत, तब्येत बरी नाही.

दावा मुंबईत दाखल करायचा का, यावर वकिलांशी आणखी दोनदा बोलणे झाले. मुंबईत वकील करणे, तारखांना जाणे, राहणे, आणि शेवटी मिळाले तर तीन महिन्यांचे कमिशन. वकील म्हणाले, मी सल्ला देणार नाही. दादांनी परत मिळालेला दावा कोर्टाच्या शिक्क्यासह एका पिशवीत घालून दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवला. मुंबईचे नाव त्यांनी पुन्हा घेतले नाही.

एजन्सी घेताना त्यांनी कंपनीकडे अनामत ठेवली होती. ती कंपनीने अडकवून ठेवली होती. वहिनींना नागपूरच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा दादांनी स्वतः नागपूर शाखेला पत्र टाकले. मी ते नंतर पाहिले. त्यात वादाचा उल्लेख नव्हता, फक्त अनामत परत मिळावी अशी विनंती होती.

१९६४ च्या मार्चमध्ये शाखेचा माणूस बालाघाटला आला. त्याने एक छापील पावती आणली होती आणि तीत काही ओळी टाइप केलेल्या होत्या. दादांनी मला वाचायला सांगितले. मी मराठीत वाचून दाखवले: मी कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय क्षेत्राबाहेर, महाराष्ट्र राज्यात, मशीनची विक्री केली हे मला मान्य आहे. कंपनीने करार संपवला तो योग्य होता. अनामत मला पोचली असून या करारासंबंधी माझे कंपनीकडे, कोणत्याही न्यायालयात, आता किंवा पुढे, काहीही मागणे नाही.

"पहिलं वाक्य काढता येईन का?" दादांनी त्या माणसाला विचारले.

तो म्हणाला, नमुना मुंबईहून आला आहे, मला अधिकार नाही.

"मी कटंगीत इकली होती," दादा म्हणाले.

त्याने पेन पुढे केले.

दादांनी मराठीत सही केली. खाली साक्षीदारांच्या दोन सह्या आहेत. पहिली माझी आहे, दुसरी स्टेशनजवळच्या सायकलवाल्याची.